नकाशातली खाट

गुवाहाटी

आदरणीय आई, जयभीम.

आम्ही सगळे मजेत आहोत. इथल्या शाळेत आपल्याकडचा भूगोल नाही, म्हणून संबोधीला तो मी घरी शिकवतो. काल तिने भडगावच्या आपल्या घराचा नकाशा काढला. दिशा, ओटा, गिरणा नदीकडचा रस्ता, सगळं बरोबर. पुढच्या खोलीत मात्र नानांची खाट.

मी म्हणालो, "अगं, खाट आज इथे, उद्या तिथे. ती नकाशात दाखवत नाहीत."

"पण पप्पा, आजोबांना लकवा झाल्यापासून ती तिथेच आहे ना?"

मी खाट खोडायला लावली नाही.

फोनवर तू "बठ्ठं ठीक शे" म्हणतेस आणि मीही पुढे विचारत नाही. तेच मला सोयीचं वाटतं की काय, कोण जाणे. तुझी कंबर कशी आहे? नानांना कुशीवर वळवायला तू कुणाला हाक मारतेस?

तुझा,
प्रशील