घरी पोचल्याचा निरोप

२ नोव्हेंबर, रविवार
आज रत्नागिरीत आलो. नवऱ्याची, गौरवची, बँकेतली बदली इथं झाली आणि मला आनंदच झाला. मिरकरवाड्याच्या वर, चढावर, चिऱ्याचं घर मिळालंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेटीवरच्या होड्या दिसतात. संध्याकाळी वाऱ्याबरोबर सुकटीचा वास वर येतो. गौरव नाक मुरडतो, मला चालतो.
माझं सगळं काम इथल्याच लोकांसाठी आहे. ‘पोचलो’ हे ॲप मी एकटीनं, पुण्यात बसून बनवलं. होडीवरचा माणूस बंदराला लागला की एक बटण दाबतो आणि घरच्यांना निरोप जातो. बास, एवढंच. वापरणारे थोडे आहेत, पण आता ते हाकेच्या अंतरावर आहेत. कुठं अडतं ते समोर बसून विचारता येईल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
रोज सकाळी जेटीवर जाते. ॲप कसं वाटतं म्हणून विचारलं की सगळे म्हणतात, “छान हाय.” टोपल्या उतरवता उतरवता म्हणतात, माझ्याकडे न बघता. पुण्याहून फोनवरही वर्षभर हेच ऐकतेय. ‘छान’ ऐकून काय दुरुस्त करणार?
आज शकूताई भेटल्या. त्या मासे विकतात, नवरा भिवा मोठ्या होडीवर खलाशी आहे. त्यांनी मात्र खरं सांगितलं. निरोप येतो, पण त्या बघत नाहीत. नवरा पाखाडीच्या पायऱ्या चढताना खोकतो, त्यावरून त्यांना कळतं. मी थकून हसले. त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, राहू दे फोनात, जागा खात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्रश्न बदलला. ‘कसं वाटतं’ काढून टाकलं आणि ॲपमध्येच एक चौकट ठेवली: मागच्या वेळी काय झालं ते लिहा.
बहुतेकांनी नुसते अंगठे पाठवले. एकच उत्तर कामाचं आलं, भिवाचं: “मी बटन दाबलं नाय. घरी निरोप गेला. मी अजून पाण्यात हाय.”
मला इतका आनंद झाला की गौरवला वाचून दाखवलं. शेवटी कुणीतरी नेमकी चूक सांगितली! दिवसभर शोधली. सापडली नाही. निरोप त्याच्याच फोनवरून, बटण दाबून गेलाय. त्याची तक्रारही त्याच फोनवरून आलीय, पण खोल समुद्रातल्या अशा ठिकाणाहून, जिथं रेंज पोचूच शकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटी शकूताईंच्या घरी गेले. भिवा पडवीत बसला होता. चार दिवसांपूर्वीच आला म्हणे. मी तक्रारीबद्दल विचारलं, तर त्यानं काही लिहिलंच नव्हतं. ॲप छान आहे म्हणाला. जागेवरून हलला नाही. त्याच्या मांडीखालची फरशी ओली होती.
निघताना शकूताई पाखाडीपर्यंत सोडायला आल्या. तिथं थांबून हळूच म्हणाल्या, “ताई, तो खोकत नाय. आल्यापासून एकदा पण नाय. मासा काट्यासकट गिळतो. पोरगी त्याच्याजवळ जात नाय.”
मी म्हटलं, दमला असेल, डॉक्टरला दाखवा. त्यांनी माझा हात धरला. “तुमच्या त्या चौकटीत इचारा ना, माझा माणूस कुठं हाय ते.”

१५ नोव्हेंबर, शनिवार
चौकटीतून विचारलं. दुपारी उत्तर आलं.
“बंदर दिसतंय. बटन दाबतो, लागत नाय. कोणीतरी आधीच पोचलंय.”
गौरव म्हणतो, कुणीतरी थट्टा करतंय. असेलही. मला झोप हवीय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आणखी तिघांचं तेच. एक दाभोळचा. शब्द वेगळे, पण तेच— अजून पाण्यात. तिघांच्याही घरी फोन केला. तिघेही घरी आहेत. जेवतायत. बरे आहेत.
वर्षभर लोकांनी खरं लिहावं म्हणून जीव टाकला. आता चौकट उघडायची भीती वाटते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
बटण काढून टाकलं. नकोच ते.
संध्याकाळी भिवा: “आता कुठं दाबू?”
मग दाभोळचा. मग बाकीचे. सगळ्यांचं एकच—

२० नोव्हेंबर, गुरुवार
बटण परत ठेवलं. भिवाला लिहिलं, दाबून बघा. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही.
शकूताईंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. हसल्या. भिवा कसा आहे विचारलं. म्हणाल्या, छान हाय. मुलगी कुठाय? छान हाय.
पाय ओले होते त्यांचे. घोट्यापर्यंत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ॲप बंद करायचं. पण चौकटीत अजून लिहितायत— मी बंद केलं तर यांचं कोण ऐकणार? गौरवला सांगितलं. म्हणाला, सुट्टी घेऊ, कुठंतरी जाऊ. हो म्हटलं. आधी दाभोळच्या त्या घरी एकदा—

२२ नोव्हेंबर, शनिवार
दाभोळला दार कुणी उघडलं नाही. आत माणसं होती. परतीच्या एसटीत हे लिहितेय. पाली यायला अजून—
नाही, पाली या रस्त्यावर नाहीच. डोकं चालत नाही. उजेड आहे अजून.
फोन वाजला. माझ्या फोनवरच्या ‘पोचलो’वरून गौरवला निरोप गेलाय: वेदिका घरी पोचली.
मी बटण दाबलेलं नाही.
गौरवला फोन केला. चेष्टा पुरे म्हणाला, तू समोर चहा गाळतेयस. फोन ठेवला.

घराच्या पायरीवर आहे. बेल वाजवली. गौरवनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोण हवंय आपल्याला?” मी नाव सांगितलं. त्यानं मागे वळून हाक मारली— माझंच नाव— आणि आतून ओ आली.
दार लागलंय. खिडकीत ती आहे. माझी साडी. रागानं नाही बघत. दमलेली दिसते, नुकतंच कुठूनतरी लांबून—
पायरीवर पाणी आहे. पाऊस नाही. इतक्या वर, चढावर, पाणी कसं— गुडघ्यापर्यंत आलं. गार आहे. बटण दाबतेय, लागत नाही. चौकट उघडलीय. कुणी वाचत असेल तर, मी अजून