खारवणचा परवाना

६ जानेवारी १९९५, शुक्रवार

"नियम आमचे बाई, पण गोष्ट जो सांगेल त्याची." दहा वर्षांपूर्वी ठाण्याच्या प्रदर्शनात 'सातबुरूज'ची पेटी माझ्या हातात ठेवताना तात्या म्हणाले होते. खेळ त्यांचा, कंपनी त्यांची, पुण्याची. आता तात्या नाहीत. आज त्यांच्या चिरंजीवांचं पत्र आलं. ते वाक्य कुठल्याच फायलीत नाही म्हणे!

एक एप्रिलपासून 'सातबुरूज' खेळताना गोष्ट सांगायला परवाना लागणार. परवान्यासाठी करारावर सही. सही केली की आजवर सांगितलेलं आणि पुढे सांगू ते — गाव, माणसं, त्यांची भांडणं — सगळं कंपनीचं. सही नसेल तर तोंड बंद.

म्हणजे माझं खारवण कंपनीचं! खाडीकाठचं ते गाव मी रचलं. दहा वर्षं दर शुक्रवारी माझ्या बाहेरच्या खोलीत वसवलं. शुक्रवारीच, कारण त्या दिवशी गल्लीतले कापडाचे लूम बंद. एरवी इथे मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं.

शेजारच्या जानकीबाईंना रडगाणं ऐकवलं. त्यांना मुळात खेळच कळेना.

"पट न्हाय, सोंगट्या न्हाय, मंग खेलता तरी काय?"

म्हटलं, एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. अडलं की फासे.

"मंजे नुसती बडबड."

"हो."

"आनि तिला परवाना?" पदर तोंडावर धरून हसल्या. मलाही हसू आलं. मग नाही आलं.

१३ जानेवारी

पत्र मंडळींपुढे वाचलं. मंडळी म्हणजे तिघं.

दामू शेलार गावचा, लूमवर मुकादम. शेडमध्ये तीस माणसांवर खेकसतो, खारवणात मात्र तो विधवा राणी आहे. डोक्यावर टॉवेल घेतला की आवाजसुद्धा बदलतो. म्हणाला, "येऊ दे कंपनीला हितं. नावेत बसवू. राहीबाई बघंल काय ते."

राहीबाई माझी नावाडीण. तिच्या नावेत बसायचं तर एक खरी गोष्ट सांगावी लागते. थाप मारली तर ती वल्हं खाली ठेवते, बस्स. एकदा दामू, राणी म्हणूनच, म्हणाला होता, "बाप मेला तवा मला रडू आलं न्हाय." राणीच्या बापाचा गोष्टीत पत्ताच नव्हता. नाव पुढे गेली. एवढ्यासाठी मी दहा वर्षं घसा कोरडा केला. चिरंजीवांना हे काय समजावणार?

सुचेता पोस्टात आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. ती नखं खात बसली.

सुधीर कोर्टात कारकून. कंपनीची सगळी वार्तापत्रं त्याने कापडी बांधणीत बांधून घेतलीत. वर्षाला एक खंड! "ताई, कंपनी आहे म्हणून आपण आहोत."

"आणि आपण नसतो तर कंपनीने पेट्या कुणाला विकल्या असत्या?"

"तसं नसतं बोलायचं." माझा कान धरायचाच बाकी होता.

२० जानेवारी

आज कराराचं परिशिष्ट आलं. 'कंपनीच्या मालकीच्या बाबी.' खारवणमधल्या दोनशे चौदा. सदतिसावी राहीबाई. एकशे दोन — राणीचा टॉवेल!

पुण्याला बसून त्यांना टॉवेल कुठून कळला?

कळला, कारण आम्हीच कळवला. गेल्या वर्षी कंपनीला दहा वर्षं झाली, तेव्हा सुधीरने भक्तिभावाने खारवणची वही केली. कोर्टाच्या अक्षरात, अनुक्रमांक घालून. पुण्याच्या मेळाव्यात शाल-नारळासकट दिली. पहिल्या पानावर 'कंपनीस सादर अर्पण' आणि खाली सगळ्यांच्या सह्या. आता चिरंजीव लिहितात — आपणच अर्पण केले आहे, सबब वाद उरत नाही.

देवाला दाखवलेला नैवेद्य देव खरंच खाऊन गेला. वर ताट मागतोय.

सुधीरवर खूप बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पहिली सही तुमची आहे ताई."

आहे. ठळक, शाईच्या पेनाने. तेव्हा किती मिरवत केली होती!

३ फेब्रुवारी

सुधीरने करार केला. बिल्ला आला, 'अधिकृत सूत्रधार, क्र. ७'. शर्टाला लावूनच घरी आला, पेढे घेऊन. पेढा खाल्ला. पेढ्याचा काय दोष?

"तुम्हीही सही करा ना ताई. गोष्टी तुम्हीच सांगा."

"त्यांना विचारून?"

"मजकूर आधी मंजुरीला पाठवायचा, इतकंच."

इतकंच! राहीबाई काय बोलणार ते पंधरा दिवस आधी पुण्याला कळवायचं. दामू नावेत काय बोलणार, तेही कळवू का?

१० फेब्रुवारी

निवडणुकीच्या ड्युटीने अंग मोडलंय. संध्याकाळी सतरंजी घातली. सुचेता एकटी आली. विनापरवाना बैठकीला बसलेल्यांना आतापासूनच मेळाव्याला प्रवेश नाही, असं वार्तापत्रात छापलंय म्हणे. ती दाराशीच उभी राहिली. चप्पल काढली नाही.

१७ फेब्रुवारी

कुणी नाही. काल्हेरला सुधीरच्या मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये तिघं बसतात, असं कळलं. खारवणच खेळतात.

२४ फेब्रुवारी

दामू आला. चोरासारखा. दोन्ही हातांत टॉवेल पिळत.

"बाई, नव्या आवृत्तीत राणीचं चित्र छापनार हायत. माझ्या राणीचं. म्हनून गेलो."

कापडाचे तागे मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाचं एकदा कुठेतरी चित्र येतंय. मला कंपनीचा राग येतो, दामूचा येत नाही. येतो थोडा.

"मग, कशी झाली बैठक?"

"सुधीरभाऊ वहीतनं वाचतो. नंबर सदतीस, नावाडीण. नावेत बसायला फासा टाकायचा, चारच्या वर पडला की पार."

"आणि राहीबाई काय म्हणते?"

"बोलतच न्हाय ती. वहीत तिचं बोलनं न्हाय लिवलेलं."

मी खूप हसले. तोही. हसता हसता म्हणाला, "सही करा ना बाई."

"केली तरी तिथे सूत्रधार सुधीरच आहे. एका बैठकीला एकच. मी काय करू?"

"सही करून बसा आमच्यासारख्या. मी म्हनलो त्याला. तर म्हनतो, ताई नुसत्या बसल्या तरी सगले त्यांच्याकडंच बघतील. मग माझं कोन ऐकंल? नको." आणि घाईघाईने, "वाईट बोलला न्हाय हां. रडकुंडीला आलेला."

बरोबर आहे त्याचं. सात नंबरच्या बिल्ल्याला भीती वाटते. मलाही त्याच्या जागी वाटली असती.

३ मार्च

लूम बंद. कधी नव्हे इतकं ऐकू येतंय. भिंतीवरचं घड्याळ, जानकीबाईंचा खोकला. एकटीने फासे टाकून पाहिले. मीच सांगायचं, मीच विचारायचं, "मग?" दहा वर्षं मला वाटत होतं की गोष्ट मी सांगते. पुढे काय होणार ते मला कधीच माहीत नसायचं. दामू टॉवेल डोक्यावर घ्यायचा, तेव्हा कळायचं.

करार टेबलावर पडलाय. चहाच्या कपाचा गोल उमटलाय त्यावर. मुद्दाम नव्हे. बरं, मुद्दाम.

१० मार्च

सही केली. कपाच्या गोलाच्या शेजारी. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा बाबी त्यांच्या. मुदतीआधी पोचावा म्हणून सुचेताच्याच हातून पोस्टात टाकला. तिने शिक्का मारला, वर पाहिलं नाही.

मग सुधीरला चिठ्ठी लिहिली. दहा वर्षं 'तू' म्हणत आले, आज 'तुम्ही' लिहिलं. तो नाही म्हणणार. दामूने कारण आधीच सांगितलंय, आणि ते खोटंही नाही. तरी दामूच्या हाती दिली:

'शुक्रवारी मी काल्हेरला येऊ का? गोष्ट सांगणार नाही. चुकलात तरी सुधारणार नाही. सगळ्यांच्या मागे बसेन, म्हणजे कुणी माझ्याकडे बघणार नाही. नवं, साधं माणूस घेईन. मला खेळायला घ्याल का?'