तुम्ही आणून टाकलेल्या कुत्र्याबाबत

भांगरवाडी, लोणावळा
सोमवार

रा. रा. मुकुलराव यांस,

अनंतचा नमस्कार. त्याच्या आधी ‘सप्रेम’ हा शब्द सवयीने लिहिला गेला होता, तो खोडला आहे. एकच रेघ मारली आहे, म्हणजे तो खोडलाय हे तुम्हाला नीट दिसावं.

इकडे क्षेम नाही. तिकडे असणारच, कारण इकडचं सगळं क्षेम सध्या तुमच्या तळेगावच्या फ्लॅटवर मुक्कामाला आहे (आमच्या मंडळींबद्दल, इरावतीबद्दल बोलतोय). तुमची कंबर कशी आहे? बरी असेल तर ठीक, नसेल तरी मला विशेष वाईट वाटणार नाही. माधवीला आणि श्रद्धाला आशीर्वाद. तुम्हाला नाहीत. फोनवरच बोललो असतो, पण साडूचा फोन वाजला की तुम्हाला नेमकी अंघोळ आठवते, आणि मग संध्याकाळी ‘बघू, काहीतरी करू’ असा आवाज रेकॉर्ड करून पाठवता. मी जन्मभर रेल्वेत काढला. तक्रार लेखी आल्याशिवाय आपल्याकडे खुर्चीतून कोणी हलत नाही, हे मी खुर्चीत बसूनच शिकलो आहे. म्हणून हे पत्र. आमचे शेजारी सोनबाआबा परंदवडीला भावकीतल्या लग्नाच्या बोलणीला निघाले आहेत, ते वाटेत उतरून तुमच्या हातात देतील. त्यांना चहा द्या. तुमच्यामुळे त्यांनाही कमी त्रास झालेला नाही, तोही पुढे लिहितोच.

तर, कुत्रा.

तुम्ही तो खोका घेऊन आलात तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय? “भावजी, अत्यंत गरीब जात. ठेवाल तिथे बसून राहील. इरावतीताईला सोबत होईल.” खोक्यात तो खरोखरच मान टाकून पडला होता. मला वाटलं, काय हा संयम! तुम्ही चहा पिऊन, चिवडा खाऊन, माझ्या झाडाची लिंबं पिशवीत भरून निघून गेलात, आणि मग आम्हाला कळलं की तो गरीब वगैरे नव्हता, त्याला तळेगाव ते लोणावळा गाडी लागली होती. गाडी उतरली तसा तो खोक्यातून उठला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत पुन्हा बसलेला नाही. (बसतो, पण कुठे ते विचारू नका. माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर बसतो.)

वळण लावायला मी पहिल्याच दिवशी सुरुवात केली. मी कामशेतला, मळवलीला स्टेशनमास्तर होतो. माझ्या झेंडीशिवाय गाडी हलत नसे. एवढंसं जनावर, ते काय ऐकणार नाही? कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून ठेवलं आणि त्याला तीनतीनदा तिथे नेऊन समजावलं, की बाबा रे, ही तुझी जागा. त्याने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो हुशार आहे, मान अशी तिरकी करतो की वाटतं, आता हा वहीत उतरवून घेणार. मग उठला, कोपऱ्यातला पेपर ओलांडला, मी जो पेपर वाचत होतो त्याच्यावर आला आणि अग्रलेखावर कार्यक्रम उरकला. तेव्हापासून हाच नियम पडला आहे. जमिनीवरचा पेपर कोरडा, हातातला ओला. पावसाळ्यात लोणावळ्यात तसंही काही वाळत नाही. पायपुसणी, सतरंज्या, माझे दोन लेंगे असं सगळं पंख्याखाली लटकतंय, आणि घरात शिरणारा माणूस शिरता शिरता नाकाला रुमाल लावतो. आमचा पोस्टमन तर आता फाटकातूनच हाक मारून टपाल फेकतो.

नावाचं प्रकरण वेगळंच. इरावतीने नाव ठेवलं सोन्या. मी म्हटलं होतं, कुत्र्याला कुत्र्यासारखं नाव ठेव. ऐकलं नाही. आता आमच्या भिंतीला भिंत लागून कोण राहतात? सोनबाआबा. इरावती सकाळी अंगणात उभी राहून ओरडणार, “सोन्या, ये रे माझ्या राजा! सोन्या, तंगडी वर नको करूस तुळशीपाशी!” चार दिवस पलीकडे सगळं शांत होतं. पाचव्या दिवशी शालूबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, कमरेला पदर खोचून आमच्या दारात उभ्या. “वैनी, तुमी आमच्या म्हाताऱ्याला सोन्या म्हून हाक मारता व्हय? म्या उभ्या जल्मात न्हाई मारली!” आणि त्यांच्या मागे आबा, जन्मात प्रथमच दाढी करून, धुतलेली टोपी घालून. मुकुलराव, त्या माणसाला खरं काय ते मी कुत्र्याकडे बोट दाखवून सांगितलं. कुत्रा बघितल्यावर शालूबाई पदरात तोंड घालून हसल्या. आबा हसले नाहीत. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, दाढीही पुन्हा वाढवली. माझा चांगला शेजार तुमच्या कुत्र्यापायी जायची वेळ आली होती.

खाण्याचं लिहू की नको असं झालंय. आमच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. एकदा सकाळी दाढीला बसलो तर मगला वेगळाच वास. विचारलं तर इरावती म्हणते, “स्वयंपाकाचं भांडं कसं बाटवायचं, म्हणून तुमच्या मगमध्ये उकडलं.” म्हणजे भांडं बाटत नाही, माझे गाल बाटले तरी चालतात! बरं, अंडं एवढ्या लाडाने खाऊ घातलं तर माणसाने (कुत्र्याने) गप्प बसावं. नाही. त्याने माझ्या प्रत्येक जोडातली डावी चप्पल खाल्ली. उजवीला दात लावला नाही. माझ्याकडे आता घरात नुसत्या उजव्या चपलाच आहेत, आणि बाजारात अर्धा जोड कोणी विकत नाही. शिवाय तुम्ही ज्याला ‘गरीब जात’ म्हणालात त्या जातीला नाक म्हणजे काय असतं हे गल्लीतल्या एका मुलाने मोबाइलवर दाखवलं. शिकारी जात आहे ती! बीगल! शेतात ससे हुडकायला ठेवतात. माझ्या घरात ससा नाही म्हणून तो माझे मोजे हुडकतो.

आता मुख्य घटना. ही शांतपणे लिहायची म्हणून मी मध्ये उठून पाणी पिऊन आलो आहे.

मागच्याच्या मागच्या रविवारी आम्ही दोघं त्याला घेऊन धरणाच्या रस्त्याला फिरायला गेलो. (रविवारी तिकडे जायचं नसतं हे मला कळतं. इरावतीला मक्याचं कणीस खायचं होतं.) धुकं असं की हातातली छत्री दिसेना, आणि रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. आठवडाभर मी त्याला मागच्या अंगणात शिस्त शिकवत होतो. निवृत्तीला मिळालेल्या माझ्या झेंड्या आहेत. हिरवी दाखवली की चालायचं, लाल दाखवली की थांबायचं. अंगणात त्याला जमत होतं. (फाटक बंद असल्यामुळे तो कुठेही जाऊ शकत नव्हता, असं इरावतीचं म्हणणं. ते मी जमेस धरत नाही.) इरावती कणीसवाल्यापाशी थांबली, तेव्हा मला वाटलं, हिला आता दाखवूच. मी पट्टा काढला आणि लाल झेंडी उभारली.

तो माझ्या दोन पायांतून पळाला. भज्यांच्या गाडीखालून गेला, एका पोराच्या हातातलं कणीस उडवलं आणि धुक्यात दिसेनासा झाला. मी झेंडी हलवत मागे. त्याचा परिणाम असा झाला की मागच्या गाडीवाल्यांना वाटलं, पुढे दरड कोसळली. चार जणांनी गाड्या मागे घ्यायला सुरुवात केली, पाचव्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, आणि ज्या भाषेत लोक माझ्याशी बोलले ती मी तुमच्या माहितीसाठीसुद्धा लिहिणार नाही. एवढ्या गाड्या, एवढी चाकं, आणि ते एवढंसं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तुमचा राग आला नाही, इतका मी घाबरलो होतो.

सापडला तो एका मोठ्या पांढऱ्या गाडीत. मागच्या सीटवर, एका बाईंच्या मांडीवर, चॉकलेट फज हुंगत. बाईंनी आपण होऊन आत घेतला होता आणि गाडी घाटाकडे निघालीच होती. ट्रॅफिक जॅम होता म्हणून मी चालत चालत तिला गाठलं, नाहीतर तुमचे हे भाचेबुवा आज मालाडला असते. मी म्हटलं, बाई, हा आमचा आहे. त्या म्हणाल्या, “अंकल, ये तो हमारी सब बात मान रहा है. सिट!” आणि मुकुलराव, तो बसला! त्यांनी हात पुढे केला, याने पंजा दिला! मी आठवडाभर अंगणात घसा कोरडा केला, आणि हा परक्या बाईला पंजा देतो! गाडीतली पोरं म्हणाली, तुमचा असेल तर नावाने बोलावून दाखवा. मी हाक मारली. “सोन्या!” त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पलीकडच्या काचेतून बाहेर बघायला लागला. सगळी गाडी हसली. मी त्या रस्त्यावर, हातात लाल झेंडी घेऊन, एका पायात स्लीपर आणि दुसऱ्यात बूट अशा अवस्थेत, कुत्राचोर ठरलो.

तेवढ्यात इरावती धापा टाकत आली. ती दाराशी वाकून त्याला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते हॉर्नमुळे मला ऐकू आलं नाही. त्याने खिडकीतून तिच्या अंगावर अशी उडी घेतली की तिचं कणीस एकीकडे, चष्मा एकीकडे. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी उरलेला फजचा डबा इरावतीला देऊ केला, आणि हिने तो घेतला, आणि त्यांचे आभारही मानले!

घरी येऊन छत्री झटकता झटकताच मी सुरुवात केली. मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने दिलेला पट्टाच सैल. ती म्हणाली, “पट्टा तुम्ही काढलात.” मी म्हटलं, तू त्याला लाडावून ठेवला आहेस. ती म्हणाली, “आणि तुम्ही त्याला सिग्नल दाखवता. तो मालगाडी आहे का?” मग मी म्हणालो (रागात माणूस म्हणतो), की या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी.

तिने शांतपणे बॅग भरली. मला वाटलं, कुत्र्याची भरतेय. चष्मा पुसला, छत्री घेतली आणि चपला घालता घालता म्हणाली, “दोघंही राहा. कोणी कोणाला वळण लावलं ते मला कळवा.” आणि लोकल पकडून तुमच्याकडे आली. कुत्रा ठेवून! तुम्ही तिला काय म्हणालात? “ताई, हवं तितके दिवस राहा.” माणुसकी दाखवायला तुम्हाला नेमका हाच मुहूर्त सापडला?

तेव्हापासून इथे काय चाललंय ते ऐका. तो चपला खात नाही. मोजे हुडकत नाही. पेपर मी अख्खा वाचतो, कोरडा. ज्या शांततेसाठी मी एवढा ओरडत होतो ती मिळाली आहे, आणि ती मला सहन होत नाही. तो फाटकाशी पडून असतो, खात काही नाही. मी दूधपोळी कुस्करली, मुटके करून हातावर धरले, शेवटी दाढीचा मग घासून त्यात स्वतः अंडं उकडलं. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच खजील झालो. काल शालूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “मास्तर, त्यो फाटकात आन् तुमी खिडकीत. दोगांचं त्वांड स्टेशनाकडं. आता आनि कसलं वळान लावता त्याला?” मी आधी भाकरी खायला घेतली, कारण ती गरम होती.

तेव्हा माझी रीतसर मागणी अशी की तुम्ही येत्या रविवारी येऊन आपला कुत्रा परत न्यावा. या बाबतीत मी काही ऐकून घेणार नाही.

आपला (नाइलाजाने) साडू,
अनंत

ता. क. – रविवारी येऊ नका. ट्रॅफिक असतो. एरवीही येण्याची घाई नाही, कुत्र्याचं नंतर बघता येईल.

ता. क. २ – इरावती त्या दिवशी गाडीपाशी वाकून त्याला काय म्हणाली, तेवढं सहज बोलता बोलता विचारून ठेवा. मी विचारलंय असं सांगू नका. त्याने निदान दूध तरी प्यावं.

ता. क. ३ – पाकीट बंद करत होतो, पुन्हा उघडलं. तो आज दुपारपासून कण्हत होता, म्हणून मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो आणि त्याला सांगितलं की ती गुरुवारी येणार आहे. ते ऐकून तो उठला, थोडं दूध प्यायला आणि माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. माझं सांगणं त्याने ऐकल्याची ही पहिलीच वेळ आहे. आता त्याच्यासमोर मला खोटं पाडू नका. गुरुवारी तिला लोकलमध्ये बसवून द्या. आम्ही स्टेशनवर येतोय.