पाठीची रंगरंगोटी

४ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेलं मी विसरतो म्हणून पत्रच लिही म्हणालीस, तर घे. पण हे तुझ्या दवाखान्यात कुणाला वाचून दाखवू नकोस, त्या आगाऊ कंपाउंडरला तर मुळीच नाही. माझी पाठ पुटकुळ्यांनी भरलीय. जुन्या जाताना काळे डाग ठेवून जातात आणि नव्या शेजारीच बिऱ्हाड करतात. दिवसभर लोकांच्या भिंती गुळगुळीत करून शाबासकी घेतो, आणि शर्टाच्या आत ही दशा!

इतके दिवस झाकली मूठ होती. आता तुझी होणारी भाचेसून, म्हणजे आमच्या पोहणं शिकवणाऱ्या मास्तरीणबाई, हट्टाला पेटल्यात. शर्ट काढायला लागू नये म्हणून मी तिला पाण्याची भीती वाटते असं सांगून ठेवलं होतं. तर एक एप्रिलला तलाव उघडला की माझी भीती ती स्वतः घालवणार म्हणे! तलावात शर्ट घालून उतरायला बंदी आहे. नको म्हणालो, तर म्हणाली की ज्याचा पाण्यात माझ्यावर भरवसा नाही त्याच्याशी मेमध्ये लग्न तरी कशाला करू? मावशी, तीन महिन्यांत माझी पाठ माणसात आण गं.

तुझा,
ठोंब्या

१० जानेवारी

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

अरे गाढवा, शाळेत पोहण्याची बक्षिसं आणणारा तू, आणि म्हणे पाण्याची भीती! एवढी थाप मारताना जीभ अडखळली नाही?

असो. तू पाठवलेले पाठीचे फोटो आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी दिलेला औषधी साबण लावून दोन मिनिटं थांबायचं आणि धुऊन टाकायचं. झोपण्यापूर्वी मलमाचा पातळ हात. घामेजला शर्ट लगेच बदलायचा, पुटकुळी फोडायची नाही, डागांना ऊन लागू द्यायचं नाही. नव्या यायच्या थांबायला दोन-तीन महिने लागतील आणि डाग त्याहून सावकाश जातील, तेव्हा रोज आरशापुढे नाचू नकोस. पाठीला हात पोहोचत नाही, तर भावोजींना मलम लावायला सांग. बापाची लाज कसली?

लोभ वाढवा, पुटकुळ्या नकोत.

तुझी,
मावशी

(मागे पाहा.)

२९ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पोटावर पडून लिहितोय, अक्षर समजून घे.

बाबांनी पाठ पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. म्हणाले, पृष्ठभाग तयार केल्याशिवाय वरचा हात धरत नाही, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. मला वाटलं, पुसून घेणार असतील. तर त्यांनी पॉलिश पेपर काढला! मी बोंबललो, तर म्हणाले की अगदी मऊ आहे, दाराला शेवटी मारतो तो. असं आठ दिवस चाललं. परवा खड्डे भरून घेऊ म्हणत भिंतीला भरायची लांबी कालवायला बसले, तेव्हा मी पत्र्याच्या डब्यावरून उडी मारून पळालो. आता पाठ लालेलाल झालीय आणि पुटकुळ्या दुप्पट. बाबांच्या मते मलमाचा माल हलका आहे.

लग्न मोडणार गं मावशी. खरंच सांगतो, मला रडू येतंय.

तुझा,
ठोंब्या

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

धन्य ते भावोजी आणि धन्य त्यांचा लेक! आठ दिवस घासून घेतलंस? तुझी अक्कल काय चरायला गेली होती? ताई असती तर तिने तुम्हा दोघांना प्रायमर फासून उन्हात उभं केलं असतं. तिची फार आठवण आली बघ.

आता आठवडाभर नुसतं पाणी आणि साधं क्रीम. लाली उतरली की साबण आणि मलम पुन्हा सुरू. घासायचं नाही, ब्रश नाही, रोलर नाही. भावोजींना पाठबंदी. तुझा हात जाईल तिथवर तूच लाव. आणि रडू नकोस रे, मी आहे ना.

तुझी,
मावशी

२० मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नव्या पुटकुळ्या जवळजवळ थांबल्या! डाग आहेत, पण फिके झालेत. मात्र माझे सगळे गडद शर्ट पाठीवर पांढरेफटक पडले. बाबा इस्त्रीवाल्याशी कडाकडा भांडून आले. मग मला तुझ्या पत्राची मागची बाजू दिसली. साबणाने कपड्यांचा रंग उडतो, पांढरे बनियन वापर, असं तू तिथे लिहिलं होतंस. इस्त्रीवाला आता आमच्याशी बोलत नाही.

बाराच दिवस उरलेत.

तुझा,
ठोंब्या

२ एप्रिल

ती. स्व. मावशींना सा. न. वि. वि.

आपली अजून भेट नाही, पण पत्ता तुमच्या भाच्याकडूनच घेतला. काल त्याने शर्ट काढला आणि पाठ मला दिसू नये म्हणून उलटा चालत निघाला. मी ओरडेपर्यंत काठ संपला आणि साहेब धपकन पाण्यात! मी घाबरून उडी मारली. वर येऊन बघते तर पाण्याला भिणारा माणूस झपाझप पोहत पलीकडच्या काठाला पोहोचलेला. माझ्या वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी अशी चिडले म्हणून सांगू! पुटकुळ्यांचं मला कधीच कळलं होतं. पांढऱ्या पाठीचे पाच शर्ट घालून हा माझ्यापुढे चालायचा, आणि तोच साबण मी कॉलेजात दोन वर्षं वापरलाय. राग आला तो थापेचा. खूप बोलले. त्यानेही मग पॉलिश पेपरपासून सगळं सांगितलं. हसून हसून माझ्या नाकात पाणी गेलं, आणि लग्न मोडायचं राहूनच गेलं.

एक विचारायचं होतं. त्याची पाठ आता बरी दिसते, पण बरोबर मधोमध, तळहाताएवढी जागा होती तशीच आहे. तिथे त्याचा हात पोहोचत नाही आणि कुणाला सांगायची त्याला लाज वाटते. मेपासून ते मी लावीन. मलम किती घ्यायचं, तेवढं कळवा. पत्राच्या दोन्ही बाजू मी वाचते.

माया असू द्या.

तुमची होणारी भाचेसून