आमच्या विहिरीची कार्यक्षमता

२ जानेवारी
मीटिंग जिंकली! बिल्डिंगची विहीर आणि पंप मेहुण्याच्या कंपनीकडे चालवायला दिले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कंपनी म्हणजेही तोच. पंप सगळ्यांचा, म्हणून त्याला तेल कुणीच घालत नाही, हे मी अध्यक्ष या नात्याने अर्धा तास समजावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी विचारलं, आत्ता आपण फक्त पंपाचं वीजबिल वाटून भरतो, त्याहून स्वस्त कसं होणार? बाईंना अर्थशास्त्र शिकवत बसलो असतो, तर चहा गार झाला असता.

करारात एक कलम माझ्या डोक्यातलं: कंपनीला दरमहा ठरलेली रक्कम मिळणारच. पाणी कमी खपलं तर तूट ग्राहकांनी वाटून भरायची. नव्या उद्योजकाला धीर द्यावा लागतो. मेहुण्याने मिठीच मारली.

संकल्प: वर्षाअखेर दर निम्मा. एप्रिलच्या निवडणुकीत मी बिनविरोध.

९ जानेवारी
कंपनीचं हेड ऑफिस आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. म्हणजे मेहुणा, त्याची गादी आणि टेबलफॅन. तात्पुरतं आहे.

५ फेब्रुवारी
पहिलं बिल. जरा जास्त. सुरुवातीला असं होतंच. पण पंपाला निळा रंग काय सुंदर दिलाय! बायको म्हणाली, रंगाखाली पंप तोच ना? तिला व्हिजन म्हणून नाही.

६ मार्च
बिल पुन्हा वाढलं. कारण मी पकडलं: लोक पाणी उधळतात. जिन्यात बोर्ड लावला, ‘पाणी वाचवा, दर पाडा’. सगळ्यांनी मनावर घेतलं. मी स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करतो. कानामागे साबण राहतो, पण नेतृत्व म्हटलं की एवढं चालायचंच.

५ एप्रिल
मोहीम प्रचंड यशस्वी. पाणी भरपूर वाचलं. दर दुप्पट झाला.
बाईंनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं की जेवढं वाचवू तेवढी तूट, आणि तूट आपल्याच खिशातून. आकडेमोड बरोबर असेलही, पण दृष्टिकोन नकारात्मक आहे. आणखी वाचवायला हवं.

१९ एप्रिल
निवडणूक. बाई अध्यक्ष. खजिनदार कोण, तर आमच्या सौ.! मला एक मत पडलं. माझंच असावं, कारण मेहुणा सभासद नाही.
निषेध म्हणून दिवसभर बायकोशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. फार वाईट वाटलं.

१० मे
नव्या कमिटीने नगरपालिकेची लाइन घेतली. कंपनीचा ग्राहकच राहिलो नाही तर तूट कसली भरायची, ही बाईंची अक्कल. पाणी पडतं पूर्वीच्याच भावात. बायकोने स्वयंपाकघरात नवा नळ बसवला. बाथरूम मात्र मी हातचं जाऊ दिलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. सध्या आमचं स्वयंपाकघर सरकारी, बाथरूम खासगी.
बायकोने बजावलंय, तत्त्वाच्या माणसाने बादली घेऊन ओट्याकडे फिरकायचं नाही. फिरकतोय कोण!

५ जून
आता कंपनीचा एकमेव ग्राहक मी. साहजिकच ग्राहक म्हणून वजन वाढलं. अख्ख्या बिल्डिंगची ठरलेली रक्कम माझ्या एकट्याच्या बिलात.
मेहुण्याकडे घरच्या माणसाला सवलत मिळते का विचारलं. म्हणाला, भाऊजी, कलम तुमचं, मी हात लावला तर तुमचाच अपमान. पोराला माझ्याबद्दल आदर आहे. नवे बूट घेतलेत त्याने. चांगले आहेत.
स्कूटर विकायला काढली. चालणं तब्येतीला बरं.

१२ जून, पहाटे
डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि नळ आटला. पंप जळला. कराराप्रमाणे दुरुस्ती ग्राहकांकडे. म्हणजे कोणाकडे ते मला माहीत आहे.
डोळे चुरचुरत होते. टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन, भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे गेलो. एकदाच. तत्त्वाला अपवाद असतो.
अंधारात नळ आधीच चालू होता. कंपनीचे मालक स्वतः बादली भरत होते. ओठांवर बोट ठेवून कुजबुजले की आवाज करू नका भाऊजी, ताई उठेल. रोज याच वेळी भरतो म्हणाले.
मी त्यांच्या मागे रांगेत उभा राहिलो.