बारीक आवाज

१२ जून, नागपूर
निघाली! छकुलीच्या यकृतातली गाठ पूर्ण निघाली. कडा स्वच्छ आहेत, डॉक्टर म्हणाले.

मार्चमध्ये त्यांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. औषधाने गाठ आकसली तर कापायची. नाही आकसली तर यकृत बदलायचे — तिच्या बाबांच्या, गोकुळच्या, यकृताचा तुकडा घेऊन. तेव्हापासून त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. आज डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर मला म्हणतो, "आता खाऊ काय एक?"
"खाऊन तर पाहा!"
दोघेही हसलो. जिन्यात. किती दिवसांनी.

१३ जून
झोपले. नुसती झोपले.

२५ जून, मोताळा
घरी. आजाराचे नाव हिपॅटोब्लास्टोमा. दहा लाख मुलांत एखाद-दुसऱ्याला होतो. आमच्या चार वर्षांच्या पोरीला झाला. आणि जाणार आहे!

त्याच औषधाचे दोन डोस उरलेत. सलाईनमधून. हे औषध कान बिघडवू शकते. आधी बारीक, उंच आवाज जातात. गेले की परत येत नाहीत. म्हणून पुढच्या डोसाआधी कान तपासायचे. दोष निघाला तर औषध बदलायचे. पण गाठ आकसली ती याच औषधाने.

२७ जून
"छकुली, बाळा, ये ना गं इकडे." तीनदा म्हणाले. पाठमोरी बसून बाहुलीला भात भरवत होती. वळली नाही.
सासूबाई चुलीजवळून ओरडल्या, "काय वं पोट्टे, पाणी काऊन सांडून राह्यली?"
लगेच वळली.
त्यांचा आवाज घोगरा. माझा बारीक. मी शिकवते त्या वर्गात मुले मागून नक्कल करतात त्याची.

२८ जून
पुन्हा तेच. गोकुळ म्हणतो, "खेळात असन ते. तू काऊन भेऊन राह्यली?"

२९ जून
आवाज जाड करून तेच म्हणाले, "बाळा, ये ना गं." तरी नाही.
सासूबाई म्हणाल्या, "घसा बसला काय वं तुहा? हळदीचं दूध घे."
पोर वाचली. आणखी काय हवे? हे स्वतःला सांगते. पण जगातले सगळे आवाज सोडून तिला ऐकू येईनासा झाला तो नेमका माझा!

३ जुलै, नागपूर
कानांची तपासणी. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. मी काचेबाहेर. ठोकळे पडत राहिले. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी बोट वर केले — हा सर्वांत बारीक. छकुली थांबली.
ठोकळा पडला!
दोन्ही कान ठीक. तेच औषध चालू राहणार. उद्या डोस.
"म्या म्हनलं होतं ना!" गोकुळ. म्हणू दे.
मग माझ्या हाकेला का वळत नाही?

४ जुलै
डोस सुरू होण्याआधी, पलंगावर, तिलाच विचारले. सलाईनच्या बाटलीकडे पाहत म्हणाली,
"तू गोड बोलली का मंग सुई राह्यते."