फाईल एकदाच वाचली जाते

४ फेब्रुवारी, बुधवार

पासवर्ड चुकीचा. पासवर्ड चुकीचा. सकाळपासून स्क्रीनवर हेच!

येरवड्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं नोंदणीचं काम. तिथला जुना माणूस सोडून गेला, म्हणून डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा होता. पासवर्ड एका फाईलमध्ये असतो, कंटेनर, म्हणजे डेटाबेस चालतो तो सॉफ्टवेअरचा डबा, तिथून उचलतो. मी फाईल बदलली, कंटेनर पुन्हा सुरू केला. प्रोग्रॅम नवा पासवर्ड देतोय, डेटाबेस घेत नाही. फाईलच्या शेवटी चुकून एंटर पडलाय का पाहिलं. फाईल वाचायच्या परवानग्या पाहिल्या. सगळं ठीक. आमच्या ऑफिसचे विश्वजीत सर मागे येऊन उभे — "काय, मुहूर्त बघताय का?"

दोन वाजता कळलं. डेटाबेस ती फाईल एकदाच वाचतो, अगदी नवाकोरा तयार होताना. नंतर तिच्यात काहीही लिहा, ढुंकून बघत नाही. जुन्या पासवर्डनं आत जाऊन बदलायचा, पाच मिनिटांचं काम. मी काय केलं? आतला सगळा डेटा पुसला, म्हणजे तो नव्यानं तयार होईल आणि फाईल वाचेल. रोजचा बॅकअप आहेच की! वाचली फाईल. मग बॅकअप चढवायला गेले.

बॅकअप रोजचा नाही. दर रविवारचा आहे.

सोमवार, मंगळवार, आजची सकाळ — मोतीबिंदूच्या शिबिरासाठी आलेली नावं गेली. किती होती तेही माहीत नाही. सरांना म्हटलं, "झालं."

५ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात नावं घेतात त्या विमलाबाईंना फोन करायला हवा. पण त्या तरी काय करणार? पूर्वी सगळं वहीत लिहायच्या, ते मीच बंद करायला लावलं. "मावशी, कॉम्प्युटर असताना वही कशाला?" — तेही ऐटीत. फोन केला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

विमलाबाईंचाच फोन. "ताई, चाळीसच्या चाळीस जागा भरल्या बघा. या वेळी इतके दिवस रिकाम्या कशा राहिल्या कोण जाणे." मी "अरे वा" म्हटलं. लिहायलासुद्धा लाज वाटते. उद्या शिबिर. सकाळी गेल्या गेल्या सांगते.

८ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं.

"काही अडलं तर असा" म्हणून सरांनी मला शिबिराला पाठवलं होतं. वाघोलीच्या पलीकडून बायडाबाई म्हणून एक आजी आल्या, दोन बस बदलून, सुनेचा हात धरून. बोटाला चिंधी, भाजी चिरताना विळी दिसली नाही म्हणे. यादीत नाव नाही. "सोमवारीच दिलंय की नाव. ह्या बाईंनीच घेतलं व्हतं." विमलाबाई यादी वरखाली करत राहिल्या. जागा तर कधीच भरलेल्या. अशी अकरा माणसं परत गेली. पुढचं शिबिर ऑगस्टमध्ये.

डॉक्टरांनी मला विचारलं, हे असं कसं झालं? तोंडातून निघून गेलं — "सेव्ह करायचं राहिलं असेल." विमलाबाई शेजारीच उभ्या होत्या. इतकी नीच मी कधी झाले?

९ फेब्रुवारी, सोमवार

विमलाबाई कोथरूडला ऑफिसात आल्या. पिशवीतून वही काढली. बंद केलीच नव्हती, मी रागवेन म्हणून लपवून लिहीत होत्या. अकरा नावं, फोन नंबरसकट. बायडाबाईंचं चौथं. बुधवारी मी एक फोन केला असता, तर अर्ध्या तासात सगळी पुन्हा भरली असती.

"वहीत आहेत, म्हणजे सेव्ह करायला मीच विसरले. चुकलं माझं, ताई. वय झालं आता."

मी म्हटलं, "असू द्या, मावशी."

माफ केलं मी त्यांना.